मुखपत्र आणि पक्षधार्जिणी वाहिनी : नाड्या कोणाच्या हातात?

अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत लिहिताना फॉक्स न्यूजचा उल्लेख ‘रिपब्लिकन पक्षाचे मुखपत्र’ असा सर्रास केला जातो. मुखपत्र हा शब्द आपल्या चांगल्याच परिचयाचा असल्यामुळे तो चटकन पटतो आणि पुढे विचार करण्याची गरज वाटत नाही. ही वाहिनी उजव्यांची बाजू घेते याबद्दल वाद नाही. पण पक्षाची बाजू घेणे वेगळे आणि पक्षाच्या मालकीचे असणे वेगळे. पक्षात सारे आलबेल असते तेव्हा दोन्ही प्रकार एकसारखेच बोलतात, त्यामुळे हा फरक लक्षात येत नाही; पक्ष दुभंगला, की तो उघडा पडतो. गेल्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या उजव्यांमध्ये जी फूट पडली, ती समजून घ्यायची तर आधी या दोन गोष्टींची गल्लत सोडवावी लागते.

मुखपत्राची व्यवस्था अमेरिकेला नवी नाही. १७९१ मध्ये परराष्ट्रमंत्री असलेल्या थॉमस जेफरसन यांनी फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात वार्षिक २५० डॉलर पगारावर अनुवादकाची नोकरी दिली, आणि त्याच फ्रेनोने ‘नॅशनल गॅझेट’ हे पत्र काढून जेफरसन यांचे प्रतिस्पर्धी अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर टीकेची झोड उठवली. १८३० मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्या गोटाने फ्रान्सिस ब्लेअर यांच्या संपादकत्वाखाली ‘वॉशिंग्टन ग्लोब’ सुरू केले, त्याचा खर्च बऱ्याच अंशी सरकारी छपाईच्या कामांतून निघे. अशा पत्राचे अन्न पक्षाकडून येत असे, त्यामुळे पक्षाची सत्ता गेली की पत्राचे दिवसही फिरत. १८६१ मध्ये सरकारचा स्वतःचा छापखाना सुरू झाल्यावर ही रसद आटली.

यात वाचकाची फसवणूक होत नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. पत्र कोणाचे आहे हे उघड असे, आणि आज नेत्याच्या मनात काय आहे ते कळावे म्हणूनच ते वाचले जाई. आपल्याकडेही २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर ‘सामना’ ठाकरे यांच्याकडेच राहिला, आणि त्यात यापुढे कोणाची भूमिका वाचायला मिळणार याबद्दल कोणाही वाचकाच्या मनात संभ्रम नव्हता. मुखपत्रावरचा विश्वास असा मर्यादित असतो. ते आपल्या पक्षाचे म्हणणे बिनचूक सांगेल, एवढीच त्यामागची अपेक्षा असते.

फॉक्स न्यूजची घडण निराळी आहे. रूपर्ट मर्डॉक यांनी ७ ऑक्टोबर १९९६ रोजी ती सुरू केली आणि तिची सूत्रे रॉजर एल्स यांच्याकडे दिली. एल्स यांनी निक्सन, रेगन आणि थोरले बुश या तिघांसाठी प्रचाराचे काम केले होते, त्यामुळे वाहिनीचा कल कुठे असणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. पण पक्षाने तिच्यात पैसा घातलेला नव्हता. केबल कंपन्यांकडून प्रत्येक ग्राहकामागे दरमहा मिळणारे शुल्क आणि जाहिराती यांवर ती चालते, आणि या दोन्हींचा भाव ठरतो तो पडद्यासमोर रोज बसणाऱ्या माणसावरून. मुखपत्राच्या नाड्या पक्षाच्या हातात असतात. धार्जिण्या वाहिनीच्या नाड्या तिच्या प्रेक्षकाच्या हातात असतात.

या प्रेक्षकाचा विश्वासही दुहेरी असतो. वाहिनी खरे सांगते, आणि ती ‘आपली’ आहे, या दोन समजुती त्याच्या मनात एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. प्यू संशोधन केंद्राने २०१९ च्या अखेरीस केलेल्या आणि जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रिपब्लिकन आणि त्या पक्षाकडे झुकलेल्या ६५ टक्के लोकांनी फॉक्सवर विश्वास असल्याचे सांगितले, तर विचारलेल्या ३० माध्यमांपैकी २० माध्यमांवर त्यांचा विश्वासापेक्षा अविश्वासच अधिक होता. गॅलपच्या त्याच वर्षीच्या पाहणीत एकूण वृत्तमाध्यमांवर विश्वास असणारे रिपब्लिकन जेमतेम १० टक्के निघाले. बाकी सगळीकडून उठलेला विश्वास असा एकाच ठिकाणी येऊन साठलेला होता. पण प्यूचे आकडे आणखी उलगडले, तर तिथेही फट दिसते. स्वतःला ठामपणे उजवे म्हणवणाऱ्या रिपब्लिकनांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोक फॉक्सवर विश्वास ठेवत होते, मवाळ रिपब्लिकनांमध्ये मात्र हे प्रमाण निम्म्यावर आले होते.

फुटीची पहिली चुणूक त्याआधीच दिसली होती. ६ ऑगस्ट २०१५ रोजी फॉक्सवर झालेल्या, अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांच्या चर्चासत्रात वाहिनीच्याच निवेदिका मेगिन केली यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना स्त्रियांविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांवरून अडचणीचा प्रश्न विचारला, आणि पुढच्या जानेवारीत आयोवामध्ये फॉक्सनेच घेतलेल्या चर्चासत्राकडे ट्रम्प फिरकलेच नाहीत. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या १९५५ पासून उजव्यांचे वैचारिक व्यासपीठ असलेल्या नियतकालिकाने त्याच महिन्यात त्यांच्या विरोधात विशेष अंक काढला. मतदारांनी या कशाचीही पर्वा केली नाही. मुखपत्र असते, तर नेतृत्वाने ठरवलेल्या बाजूला ते उभे राहिले असते. वाहिनी गेली ती प्रेक्षक जिकडे गेले तिकडे. ट्रम्प यांच्या विरोधात ठाम राहिलेले ‘वीकली स्टँडर्ड’ हे साप्ताहिक डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडले.

खरा कस लागला तो ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार अकरा वाजून वीस मिनिटांची वेळ होती. निवेदक बिल हेमर मोठ्या पडद्यावरच्या नकाशाशी उभे राहून ट्रम्प यांच्या विजयाची गणिते मांडत होते, आणि ते बोलत असतानाच त्यांच्यासमोर ॲरिझोना राज्य निळे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या रंगाचे झाले. हे कसे झाले, आपण निकाल जाहीर केला काय, असे त्यांनीच सर्वांसमक्ष विचारले. मतांचा कल पाहून निकाल वर्तवणाऱ्या कक्षाने, ज्याला तिथे डिसिजन डेस्क म्हणतात, ते राज्य बायडन यांना दिले होते. थोड्या वेळाने कक्षाचे प्रमुख आर्नन मिश्किन यांनी पडद्यावर येऊन निर्णय का बदलणार नाही ते सांगितले. ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर यांनी थेट मर्डॉक यांना फोन लावला, तरीही निर्णय बदलला नाही. असोसिएटेड प्रेसने पहाटे तीनच्या सुमारास तोच निष्कर्ष काढला, इतर मोठ्या वाहिन्या मात्र आठवडाभराहून अधिक थांबल्या. अखेरच्या मोजणीत बायडन ॲरिझोनात १०,४५७ मतांनी पुढे राहिले.

पक्षाच्या सर्वोच्च नेत्याच्या घरून आलेला फोन वाहिनीने मानला नाही, म्हणजे ती मुखपत्र नव्हती हे त्या रात्री सिद्ध झाले. पुढच्या काही आठवड्यांत जे घडले, त्यातून ती काय होती हेही कळले. दुसऱ्याच दिवशी फिनिक्समधल्या मतमोजणी केंद्राबाहेर जमलेले ट्रम्पसमर्थक फॉक्सच्याच नावाने शिमगा करत होते. प्रेक्षक न्यूजमॅक्स या उजव्यांच्याच दुसऱ्या, छोट्या वाहिनीकडे वळू लागले. ७ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजताच्या कार्यक्रमात, जाहिरातदारांना हव्या असलेल्या २५ ते ५४ वयोगटात, न्यूजमॅक्सने फॉक्सला प्रथमच मागे टाकले. खरे सांगणारी वाहिनी आणि आपली वाहिनी यांतून एकच निवडण्याची वेळ आली, तेव्हा अनेकांनी आपली निवडली.

त्या काळात वाहिनीच्या आत काय चालले होते, ते डॉमिनियन या मतदानयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने मार्च २०२१ मध्ये दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यामुळे जगासमोर आले. जॅकी हाइनरिक या फॉक्सच्याच वार्ताहराने १२ नोव्हेंबरला डॉमिनियनच्या यंत्रांतून मतांत फेरफार झाल्याचा ट्रम्प यांचा दावा ट्विटरवर खोडून काढला. त्यावर टकर कार्लसन यांनी सहकारी निवेदकांना पाठवलेल्या संदेशात तिला कामावरून काढा असे म्हटले, आणि कारण दिले ते असे की यामुळे कंपनीचे नुकसान होत आहे व समभागाचा भाव उतरला आहे. मतघोटाळ्याचे आरोप करणाऱ्या सिडनी पॉवेल खोटे बोलत आहेत, असे हेच कार्लसन त्याच महिन्यात खासगीत लिहीत होते. मला या संदेशांत सर्वांत जास्त खटकते ते हे, की त्यांत पक्षाचा आदेश कुठेच नाही. आहे ती प्रेक्षक हातचा जाण्याची धास्ती. मुखपत्राचा संपादक नेत्याला घाबरतो. इथे कोट्यवधी लोकांचा लाडका निवेदक आपल्याच प्रेक्षकाला घाबरत होता, आणि ज्या प्रेक्षकाने डोळे मिटून विश्वास टाकला, त्यालाच स्वतःला ठाऊक असलेले सत्य सांगत नव्हता.

न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी मार्च २०२३ मध्ये डॉमिनियनविषयीची ती विधाने खोटी असल्याचे निःसंदिग्धपणे नोंदवले. काही निवेदकांनी त्या आरोपांची पाठराखण केली, हे मर्डॉक यांनी शपथेवरील जबानीत मान्य केले होते. १८ एप्रिलला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. न्यूजमॅक्सलाही २०२५ मध्ये त्याच कंपनीला ६ कोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले. ॲरिझोनाच्या निर्णयात सहभागी असलेले राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी मात्र जानेवारी २०२१ मध्येच गेली होती. फेररचनेचे कारण पुढे करण्यात आले.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण रोग वेगळा असेल तर औषधही वेगळे लागते. मुखपत्र सुधारायचे तर पक्षाच्या नेतृत्वाशी बोलावे लागते. वाहिनीच्या बाबतीत प्रश्न प्रेक्षकाच्या सवयीपाशी येऊन ठेपतो. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या राज्यशास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्सच्या नियमित प्रेक्षकांपैकी सुमारे तीनशे जणांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन पाहायला लावले. त्यांच्या माहितीत भर पडली, काही मते मवाळ झाली, आणि फॉक्स काही गोष्टी दडवते हेही त्यांच्यातल्या अनेकांना जाणवू लागले. पैसे बंद झाल्यावर बहुतेक जण पुन्हा फॉक्सकडे परतले.

२०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प जिंकल्याचे फॉक्सच्या निकाल-कक्षाने मध्यरात्र उलटून ६ नोव्हेंबर उजाडल्यावर पावणेदोनच्या सुमारास जाहीर केले. असोसिएटेड प्रेसने तो निकाल दिला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते. चार वर्षांपूर्वीप्रमाणेच हा कक्ष याही वेळी इतरांच्या कितीतरी आधी बोलला होता, आणि ट्रम्प यांनी असोसिएटेड प्रेसची वाट न पाहता समर्थकांसमोर येऊन विजयाचे भाषण केले.