हुबेहूब दिसणारा सिम्युलेटरच चांगला?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सिम्युलेटर जितका खराखुरा दिसेल तितकं शिक्षण चांगलं, हा समज चुकीचा आहे. एफएलएस या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेतलं पेग ट्रान्सफर साध्या खोक्यातच होतं: 6 तुकडे एका चिमट्याने उचलायचे, हवेतच दुसऱ्यात द्यायचे, खुंट्यांवर बसवायचे आणि उलट परत आणायचे. मर्यादा 300 सेकंद.

तज्ज्ञांना जास्त गुण मिळाले एवढ्यानेही यंत्र सिद्ध होत नाही. तो फरक अनुभवाचा, यंत्रावरच्या सरावाचा नव्हे. खरा पुरावा हवा तर चिठ्ठ्या टाकून शिकणाऱ्यांचे दोन गट करा, एकालाच सराव द्या आणि खऱ्या शस्त्रक्रियेचं चित्रण गट ठाऊक नसलेल्या परीक्षकांना दाखवा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या 2002 सालच्या अशाच अभ्यासात 16 निवासी डॉक्टर होते. मिस्ट-व्हीआर या संगणकी सिम्युलेटरच्या अगदी ओबडधोबड आकृत्यांवर सरावलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून 29 टक्के लवकर सोडवलं. चुकाही सहापट कमी.