नामकरण (मराठी समाजातील)

नामकरण म्हणजे जन्मलेल्या मुलासाठी नाव निवडून ते समारंभाने जाहीर करण्याची रीत. मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा, त्यामुळे हा शब्दप्रयोग वचन सांभाळूनच करावा लागतो. समारंभाला बारसे म्हणतात. तो जन्मापासून बाराव्या दिवशी करण्याची चाल असल्याने त्याला हे नाव पडले, मात्र सोयीनुसार तो पुढेही ढकलला जातो. नावाची निवड हे आईवडिलांचे काम आहे ही समजूत तुलनेने नवी आहे. पूर्वी एकाच मुलाला अनेक नावे असत आणि प्रत्येक नावाचा धनी वेगळा असे: एक पंचांगातून येई, एक पूर्वजांकडून, एक देवाकडून, आणि हाक मारायचे नाव बहुधा घरातल्या माणसांच्या तोंडी आपसूक घडे.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांनीही हे अनेकत्व गृहीत धरले आहे. काशीनाथ उपाध्याय यांनी पंढरपूर येथे १७९० मध्ये पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधु’त देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. मासनाम जन्ममहिन्यावरून ठरते. चैत्रात जन्मलेल्याचे वैकुंठ, श्रावणातल्याचे वासुदेव, मार्गशीर्षातल्याचे कृष्ण. गृह्यसूत्रांनी मुलाच्या नावात अक्षरे सम आणि मुलीच्या नावात विषम असावीत असे म्हटले आहे. सविता, मालती, सरस्वती अशी नावे डोळ्यांपुढे आणली की तीन अक्षरांचा नियम किती सहज पाळला जाई ते दिसते आणि सरस्वतीपाशी तो किती सहज मोडला जाई तेही दिसते. पंक्तीत जेवायला बसलेल्या कुणी अक्षरे मोजल्याचे ऐकिवात नाही.

नाक्षत्रनामालाच बोलीत नावरसनाव म्हणतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून १०८ चरण होतात आणि अवकहडा चक्रात प्रत्येक चरणाला एक आद्याक्षर नेमून दिलेले असते. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, म्हणून जन्मवेळ घड्याळात नीट पाहून ठेवण्यावर घरातली वडीलधारी माणसे भर देत. चक्राची गंमत उत्तराभाद्रपदेसारख्या नक्षत्रात कळते. तिथे दू, थ, झ, ञ अशी अक्षरे येतात. ‘ञ’ने सुरू होणारे नाव मराठीत कोणी ठेवणार नाही, तेव्हा गुरुजी जवळचे दुसरे अक्षर सुचवून वाट काढतात. पुष्कळ घरांत नावरसनाव केवळ पत्रिकेत राही, ते सांगूही नये असा समज होता आणि लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवतानाच ते बाहेर येई.

व्यवहारातले नाव बहुधा वारशाने येई. थोरल्या नातवाला आजोबांचे आणि नातीला आजीचे नाव देण्याची रीत बऱ्याच जातींत होती. विशेषतः आजोबा हयात नसतील तर ते ‘परत आले’ असे मानले जाई. यातून एक अडचण उभी राही. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, आणि पोटच्या पोराचे नाव तर तेच! मग पोराला बाळ, बापू, अप्पा, नाना, तात्या, बंडू असे काहीतरी म्हटले जाई आणि तेच जन्मभर चिकटे. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांचे नाव केशव होते. घरात त्यांना बाळ म्हणत आणि इतिहासाने पाळण्यातले नाव सोडून घरातलेच उचलले.

देवतांची नावे प्रदेशाप्रमाणे बदलतात, आणि जुन्या नावावरून माणसाचा मुलूख बऱ्यापैकी ओळखता येतो. जेजुरीच्या परिसरात खंडू, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा, पंढरीच्या वारकरी घरांत पांडुरंग, ज्ञानोबा, नामदेव, रखमा, तुळजापूरकडे अंबादास, कोल्हापूरच्या दक्षिणेस कानडीच्या शेजारामुळे मल्लाप्पा, भीमाप्पा, गोव्यात मंगेश, नागेश, दामोदर, शांता. जोतीराव फुले यांचे नाव कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या जोतिबावरून आहे. शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून शिवाजी हे नाव ठेवल्याचे सांगतात, तर त्यांचे वडील शहाजी आणि चुलते शरीफजी यांची नावे मालोजींनी अहमदनगरचे सूफी संत शाह शरीफ यांना बोललेल्या नवसावरून ठेवली, अशी परंपरा आहे. देवाचे नाव देण्यामागे मुलाला हाक मारता मारता देवाचे स्मरण घडावे असाही हेतू असे.

याच्या अगदी उलट टोकाला मुद्दाम ठेवलेली वाईट नावे आहेत. ज्या घरात मुले जगत नसत तिथे दृष्ट लागू नये, सटवाईला वा मृत्यूला हे मूल टाकाऊ वाटावे, म्हणून त्याला दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकिरडा असे नाव देत. भिकू किंवा भिकाजी हा जणू भिक्षेत मिळालेला. काही ठिकाणी मूल शेजारणीच्या पदरात घालून मूठभर धान्याच्या मोबदल्यात परत घेण्याचा विधीही होई. धोंडू प्रत्येक वेळी दगडावरूनच येतो असे नाही. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जन्मलेल्यालाही हे नाव पडे. या सगळ्या नावांत माया लपलेली आहे. ‘नकुशी’ किंवा ‘नकोशी’ या नावात ती नाही. लागोपाठ मुली झाल्यावर आता मुलगी नको, हे सांगण्यासाठी ते नाव ठेवले जाई, आणि शाळेच्या हजेरीत ते रोज मोठ्याने वाचले जाई. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

बारशाच्या दिवशी पाळणा फुलांनी सजवतात. काही घरांत आधी वरवंटा धुऊन, कपड्यात गुंडाळून पाळण्यात निजवतात. दोघी बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हाती देतात. मग आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. त्याच क्षणी भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पुरोहित असल्यास तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नाव लिहिले जाते. शेवटी सुंठवडा आणि घुगऱ्या वाटतात. ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी’ हे वडीलधाऱ्यांचे ठेवणीतले वाक्य त्यावरूनच आले. नाव आत्याने ठेवायचे हा मान आजही टिकून आहे, जरी ते तिला बहुतेक वेळा आधीच व्हॉट्सॲपवर कळवलेले असले तरी.

मुलीचे नाव मात्र तिच्याजवळ राहीलच याची खात्री नसे. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळांवर नवरा तिचे नवे नाव लिही आणि जन्माचे नाव ‘माहेरचे नाव’ होऊन बसे. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचे माहेरचे नाव यमुना होते. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या. जिचे नाव आईबापांनी निवडून ठेवले तिच्यासाठी ती निवड काही वर्षांपुरतीच होती, हे या विषयावर लिहिताना सहसा निसटते.

एकोणिसाव्या शतकापासून संस्कृत काव्य, छापील कादंबऱ्या आणि स्वातंत्र्याची चळवळ यांतून नावे येऊ लागली आणि वारसा हळूहळू मागे पडला. जाणीवपूर्वक निवडीचे सर्वांत ठळक उदाहरण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतरचे आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावगाड्यात अर्धवट, तुच्छतेने मारलेल्या हाकांवर भागवावे लागले होते, त्यांनी मुलांसाठी सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा अशी नावे घेतली. त्यांतली राहुल आणि मिलिंद पुढे सगळ्याच समाजांत इतकी रुळली की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही.

आज बहुतेक मुलांना एकच नाव असते आणि ते नवीन, छोटे, अर्थपूर्ण, नावरसाच्या अक्षराचे आणि परदेशातही उच्चारता येईल असे असावे लागते. पूर्वी चार नावांत वाटले जाणारे ओझे आता एकावर आले आहे. त्यामुळे आईवडील नावांच्या याद्या चाळत महिने घालवतात, दोघांच्या नावांची अक्षरे जोडून पाहतात, आणि कधी कधी कोणत्याही कोशात न सापडणारा अर्थ असलेले ‘रेयांश’सारखे नाव पसंत करतात. परदेशातल्या मराठी घरांत ळ आणि ण टाळले जातात. ‘ज्ञ’चा मराठी उच्चार रोमन लिपीत डी-एन-वाय असा लिहावा लागत असल्याने ज्ञानेश्वर हे नावही तिथे जरा अवघड ठरते.

नावाची कायदेशीर बाजू १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने ठरते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच द्यावे लागत नाही. नोंदीत नावाची जागा रिकामी ठेवून ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून लिहिता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक आहे.