भाजीतले मिनरल्स आणि हेवी मेटल्स मोजायला सुरुवात कशी झाली

आज भाजीचं सॅम्पल लॅबला दिलं की एकाच रिपोर्टवर वर लोह, कॅल्शियम, झिंक आणि खाली शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असं सगळं येतं. पण या दोन याद्या आल्यात पार वेगळ्या वाटांनी, वरची शेतीतून आणि खालची विषबाधेच्या केसेसमधून.

शेतीवाली वाट जुनी. जिनिव्हाच्या द सोसूर या शास्त्रज्ञाने 1804 मध्ये झाडं जाळून राखेत काय उरतं याचं विश्लेषण छापलं आणि ही द्रव्यं झाड मातीतून घेतं हे दाखवलं, पुढे 1840 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने त्यावर खतांचा अख्खा सिद्धांत उभा केला. तेव्हा साधा तराजूही चालून जायचा कारण राखेत पोटॅश, चुना भरपूर असतो. दुसरीकडे 1836 मध्ये जेम्स मार्शने आर्सेनिकची टेस्ट काढली, काचेच्या नळीत चकचकीत काळा डाग उमटला की आर्सेनिक आहे, पण ती खुनाच्या खटल्यांसाठी, भाजीचा विचार तेव्हा कोण करतंय!

या दोन्ही वाटा जुळल्या त्या मशीनमुळे. 1955 मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्शने अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनची पद्धत मांडली, म्हणजे पाला वाळवायचा, अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, ते पाणी ज्योतीत फवारायचं आणि त्या धातूच्या दिव्याचा ठराविक प्रकाश किती शोषला जातो ते बघायचं. दिवा बदलला की त्याच सॅम्पलमधून पुढचा धातू.

मशीन आलं तसं धक्केही बसायला लागले. जपानमध्ये कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं, लोकांची हाडं अक्षरशः ठिसूळ झाली, आणि 1968 मध्ये सरकारने हा इताई-इताई आजार प्रदूषणामुळे होतो हे मान्य केलं. मग 1979 मध्ये इंग्लंडमधलं शिपहॅम गाव गाजलं, जुन्या झिंकच्या खाणींमुळे परसबागांच्या मातीत कॅडमियम भयंकर निघालं म्हणून घरच्या भाज्या आणि माणसं दोन्ही तपासली, पण भीती होती तेवढा त्रास दिसला नाही. माझ्या मते हा भाग लोक सोयीस्कर विसरतात. मातीत आहे म्हणजे तेवढंच भाजीत येतं असं नसतं, माती आम्लधर्मी असेल तर कॅडमियम जास्त चढतं, चुनखडीची असेल तर कमी, आणि शिसं तर बरंचसं पानावर बसलेल्या धुळीतच असतं त्यामुळे सॅम्पल धुतलं होतं की नाही यावरच आकडा फिरतो.

जुन्या आकड्यांवर आणखी एक संशय आहेच. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने 1980 मध्ये दाखवलं की ताज्या ट्यूना माशातलं खरं शिसं सरकारी लॅबच्या आकड्यापेक्षा सुमारे हजारपटीने कमी होतं, बाकीचं लॅबमधल्याच धुळीतून आणि भांड्यांतून येत होतं. ट्यूनाचं झालं ते पालकाचं होणार नाही असं थोडंच आहे. त्याच दशकात आयसीपी-एमएस मशीनं (सॅम्पल प्रचंड तापवून त्यातले अणू वजनावरून मोजणारी) बाजारात आली, अब्जात एक भागाहूनही कमी पकडणारी, म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न आणखीच अवघड.

आणि रिपोर्ट हातात आला की आधी आकडा ओल्या (म्हणजे ताज्या भाजीच्या) वजनावर आहे का कोरड्या ते बघा. कोडेक्सची (अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) पालेभाजीतल्या कॅडमियमची मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम, ती ताज्या भाजीवर. पालकात 90 टक्के पाणी धरलं तर कोरड्या वजनावरचा 1.5 हा घाबरवणारा आकडा ताज्यावर 0.15 होतो, म्हणजे मर्यादेच्या आतच.