ड्रिफ्टवूड टँकच्या तळाशी कसे बसवावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ड्रिफ्टवूड, म्हणजे माशांच्या टँकमध्ये सजावटीसाठी ठेवायचे लाकूड, घेताना हाताला जड लागले, तरी टँकमध्ये ठेवल्यावर ते वर येऊ शकते. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यापेक्षा जड असतात, परंतु वाळलेल्या लाकडात त्या पेशींच्या पोकळ्या हवेने भरलेल्या असतात आणि ती हवाच लाकडाला वर उचलते. त्यामुळे हवा बाहेर पडून तिच्या जागी पाणी मुरणे, हाच यावरचा खरा उपाय आहे. वजन बांधणे ही तोपर्यंतची सोय समजावी.

मोपानी आणि मलेशियन ड्रिफ्टवूड मुळातच घट्ट असल्यामुळे लवकर, पुष्कळदा लगेचच बुडते. स्पायडर वूडच्या बारीक फांद्या मात्र आठवडे किंवा महिनेसुद्धा तरंगत राहतात, आणि घाई असलेल्या ग्राहकांनी ते घेऊ नये असेच आम्ही सांगतो.

घरी आणल्यावर लाकूड ब्रशने घासून धुवावे, बादलीत किंवा टबात पूर्ण बुडेल असे दाबून ठेवावे आणि पाणी दर एक-दोन दिवसांनी बदलावे. मोठ्या पातेल्यात मावत असल्यास ते एक-दोन तास उकळावे, कारण उष्णतेने आतील हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि लाकूड त्याच पाण्यात निवू दिल्यास पाणी आत ओढले जाते. त्यासाठी प्रेशर कुकर वापरू नये, पातेले उघडेच ठेवावे. उकळल्याने बुरशी व किडे मरतात आणि लाकडातील टॅनिन, म्हणजे पाण्याला रंग देणारे द्रव्य, तेही बरेचसे उतरते.

एवढे करूनही लाकूड तरंगत असेल, तर त्याला वजन जोडावे लागते. समजा, लाकडाचे आकारमान दोन लिटर आणि वजन १.४ किलो आहे. ते पूर्ण बुडवल्यावर दोन किलो पाणी बाजूला सारते, म्हणजे ६०० ग्रॅमचा जोर त्याला वर ढकलतो. दगडही पाण्यात हलका होतो, म्हणून येथे ६०० ग्रॅमचा दगड पुरत नाही. सुमारे एक किलोचा लागतो, आणि थोडा अधिक घेतलेला बरा.

दगड कोणता घ्यावा, याविषयी आमचा आग्रह आहे. पुण्यातील बहुतेक घरांत शहाबादी फरशीचा किंवा ओट्याच्या कामातून उरलेल्या कडप्प्याचा तुकडा सापडतो आणि तोच लाकडाखाली बसवण्याचा मोह होतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते पाण्यात हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा (त्यातील क्षारांचे प्रमाण) आणि पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) वाढवतात, आणि निऑन टेट्रा किंवा डिस्कस यांसारख्या मृदू पाण्यातील माशांना ते मानवत नाही. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांकडे जडपणा आधीच जास्त असण्याची शक्यता असते, त्यात ही भर नको. ग्रॅनाइटचा तुकडा किंवा आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, निर्धास्तपणे वापरावा. मात्र पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसत असतील, तर त्यांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलेच खनिज, असू शकते. शंका वाटल्यास दगड थोडा खरवडून त्या जागी व्हिनेगरचे थेंब टाकावेत, आणि बुडबुडे आल्यास तो दगड बाजूला ठेवावा.

दगडाला भोक पाडून खालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लाकडात पिळणे ही सर्वांत भक्कम पद्धत आहे. पितळी किंवा तांब्याचे स्क्रू वापरू नयेत, कारण पाण्यात उतरणारे तांबे कोळंबी आणि गोगलगायींना घातक ठरते. लहान फांदी मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने बांधली तरी चालते. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून दगडाखाली पातळ फोम ठेवावा आणि वरून वाळू किंवा ग्रॅव्हल पसरावे. लाकूड दोन काचांमध्ये ताणून अडकवण्याचा प्रयत्न कृपया कोणीही करू नये. पाणी मुरल्यावर लाकूड फुगते आणि त्या दाबाने काच तडकू शकते.

बसवल्यानंतर पाण्याला चहासारखा रंग येतो तो टॅनिनचा. तो माशांना अपायकारक नसतो, आणि नको असल्यास नियमित पाणी बदलल्याने व फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवल्याने कमी होतो. पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर येणारा पांढरा, बुळबुळीत थरही निरुपद्रवी असतो. तो ब्रशने काढता येतो, कोळंबी आणि गोगलगायी तो खातात, आणि काही काळाने तो आपोआप नाहीसा होतो. लाकडाला दुर्गंधी येत असेल किंवा ते बोटाने दाबल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर मात्र ते टँकमधून काढून दुकानात दाखवण्यास आणावे.