विजेची परतीची वाट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले आणि कुलाब्याच्या वेधशाळेपुढे मोठा पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी तिथे १८४१ पासून चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने हे क्षेत्र पार हलवून सोडले, त्या वेळी कुलाब्यात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) घसरण नोंदली गेली. आजही त्या वादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या आकड्यांपाशी येतात. इतकी मोलाची नोंदमाला ट्रामच्या पायी बिघडणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी चुंबकीय उपकरणांसाठी नवी जागा शोधली ती समुद्रापलीकडे, अलिबागला. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले. त्यानंतर दोन वर्षे, १९०६ पर्यंत, कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी नीट जुळवता यावेत. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा उपकरणे सुरक्षित होती.

अलिबागची इमारत बांधायला पोरबंदरचा दगड आणला गेला, कारण त्यात चुंबकीय गुण नाहीत. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट हाताशी होता, पण त्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात. अशी काळजी घेणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. आज अनेक प्रयोगशाळांमध्ये लाखो रुपयांचे उपकरण येते, खोलीला रंग लागतो, एसी बसतो, आणि वीज कुठून येते नि कुठून परत जाते हे कोणी विचारतही नाही.

त्यातही ‘कुठून परत जाते’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ट्रामचेच बघू. वरच्या तारेतून करंट येतो, मोटर फिरवतो आणि रुळांमधून वीजकेंद्राकडे परत जातो. तार आणि रूळ यांच्यात पाच-सहा मीटरचेच अंतर. जाणारा आणि येणारा करंट सारखाच, पण उलट दिशेने, म्हणून लांबून पाहिले तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. हिशेब सोपा आहे. १०० अँपिअर वाहणारी एकटी लांब तार १ किलोमीटरवर २० नॅनोटेस्लाचे क्षेत्र तयार करते. शेजारी ६ मीटरवर परतीची तार असेल तर उरते फक्त ०.१२ नॅनोटेस्लाच्या आसपास. मग ट्रामची भीती कशाला? भीती अशी, की रूळ जमिनीवरच टेकलेले असतात. त्यातला काही करंट रूळ सोडून ओल्या मातीत, नळाच्या पाइपांत शिरतो आणि दूरवर पसरून मिळेल त्या वाटेने परत जातो. जितका करंट असा भरकटला, तितकी वरची तार एकटी पडली. मुंबई परिसरात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्लाचा आणि शांत दिवशी त्यात होणारा चढउतार काही दशक नॅनोटेस्लाचा. त्यावर दर ट्रामगणिक दहा-वीसचा धक्का बसू लागला तर पृथ्वीचे काय आणि ट्रामचे काय हे वेगळे कसे काढणार?

ट्रामचा करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा होता, हीही गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. घरातल्या ५० हर्ट्झच्या एसीचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. संथ चालणाऱ्या उपकरणात त्याची सरासरी शून्य होऊन जाते. डीसीचे तसे नाही. मिनिटा-मिनिटाने वरखाली होणारा डीसी करंट अगदी खऱ्या चुंबकीय बदलासारखाच दिसतो. मूस कुलाब्यातच थांबले असते तर पुढे आणखी वाईट झाले असते. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली ही लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावू लागली, आणि त्या काळी कुलाबा स्टेशन वेधशाळेपासून फार लांब नव्हते.

अलिबागनंतर नव्वद वर्षांनी हाच खेळ जिनिव्हाजवळ झाला. सर्न या संस्थेचा एलईपी हा २७ किलोमीटर परिघाचा कणवेगक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, जमिनीखाली होता. कणांची ऊर्जा अतिशय अचूक मोजायची, तर चुंबकांचे क्षेत्र स्थिर हवे. पण दिवसा ते सतत थरथरायचे, मध्यरात्रीनंतर काही तास शांत व्हायचे आणि पहाटे पुन्हा सुरू. १९९५ मध्ये कारण सापडले. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या टीजीव्ही रेल्वेचा मार्ग डीसीवर चालत होता. रुळांतून निसटलेला करंट जमिनीतून भटकत कणवेगकाच्या धातूच्या नळीत शिरत होता, कारण मातीपेक्षा ती नळी त्याला सोपी वाटत होती. हा करंट जास्तीत जास्त १ अँपिअरच्या घरात, पण मोजमाप बिघडवायला तेवढा पुरला. रात्री गाड्या थांबल्या की नळीही शांत व्हायची.

हेच प्रयोगशाळेच्या टेबलावर रोज घडते, फक्त आकडे लहान असतात. समजा सेन्सरचा अँप्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटला लावला आहे आणि त्याचे सिग्नल घेणारा कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीवर. दोघांनाही अर्थिंग आहे, दोघांच्या मधे सिग्नलची केबल आहे आणि तिचे जाळीचे आवरण दोन्ही टोकांना बॉडीला जोडलेले आहे. आता बघा: एका सॉकेटच्या अर्थपासून दुसऱ्या सॉकेटच्या अर्थपर्यंत भिंतीतून एक वाट आणि केबलच्या जाळीतून दुसरी. बंद वळसा तयार झाला. याला ग्राउंड लूप म्हणतात. जाळीतून १ अँपिअर फिरला आणि तिचा रोध ०.१ ओहम असला तरी १०० मिलिव्होल्ट उभे राहतात. हृदयाच्या ईसीजीचा सिग्नल असतो १ मिलिव्होल्टच्या आसपास, मेंदूच्या ईईजीचा तर काही दशक मायक्रोव्होल्ट. मग पडद्यावर हृदय दिसणार की महावितरण?

ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारे उपकरण, हाताशी असेल तर एक प्रयोग जरूर करून पाहा. त्याच्या प्रोबची (मोजणीच्या वायरची) अर्थ क्लिप त्याच प्रोबच्या टोकाला लावा. म्हणजे प्रोब स्वतःलाच जोडला, पडद्यावर सरळ रेषा यायला हवी. आता ती क्लिपची वायर आणि टोक यांच्यातला वळसा एखाद्या जुन्या स्टॅबिलायझरजवळ न्या. रेषेला हळूहळू पोट येऊ लागते, २० मिलिसेकंदांनी पुन्हा तेच, पुन्हा तेच. वळसा हाताने पसरवा, लाट वाढते. वायर प्रोबलगत चिकटवून धरा, लाट बसते. स्टॅबिलायझरला हात लावला नाही, काही बंद केले नाही, फक्त जाण्या-येण्याच्या वाटेतले क्षेत्रफळ कमी केले. विद्यार्थ्यांना दहा पाने वाचायला लावण्यापेक्षा हे दोन मिनिटांत कळते. एकमेकींना पीळ दिलेल्या तारांची जोडी एवढी का वापरतात, हेही इथेच समजते: प्रत्येक पिळागणिक क्षेत्रफळ उलटते आणि शेजारच्या पिळातला गोंगाट खोडला जातो.

लूप तोडायचे मार्ग साधे आहेत. एकमेकांना जोडलेली सगळी उपकरणे एकाच बोर्डवरून चालवावीत. ते जमत नसेल तर सिग्नल ऑप्टिकल फायबरने न्यावा. काचेतून प्रकाश जातो, करंट जात नाही. नाहीतर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेटर टाकावा, तो सिग्नल पुढे देतो पण दोन्ही बाजू तारेने जोडत नाही. एक मार्ग मात्र कधीच घ्यायचा नाही, आणि नेमका तोच सर्रास घेतला जातो: प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकणे किंवा टू-पिनचा अडॅप्टर लावणे. गुणगुण लगेच थांबते, म्हणून लोकांना वाटते इलाज सापडला. पण आतली फेजची वायर कधी बॉडीला टेकली तर परतीची एकच वाट उरते, आणि ती उपकरणाला हात लावणाऱ्या माणसातून जाते. आलेखातल्या चार रेघा स्वच्छ करण्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालू नये. हे प्रयोगशाळेच्या दारावर लिहून ठेवावे असे मला वाटते.

धातूच्या पिंजऱ्याबद्दलही थोडे. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेली खोली बांधून दाखवली, तेव्हापासून पिंजरा हा सर्वांवरचा उपाय मानला जातो. विद्युत क्षेत्र तो उत्तम अडवतो. पीएच मीटरचेच पाहा. त्याच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शंभर मेगाओहमच्या घरात, आणि २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे मिळतात जेमतेम ५९ मिलिव्होल्ट. म्हणून त्याची केबल नुसती हलवली किंवा जवळून कोणी सिंथेटिक कपड्यात गेले तरी आकडा उडू शकतो. तिथे जाळीचे आवरण हवेच. पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे तांब्याचा पातळ पत्रा जवळपास निरुपयोगी आहे. त्या वारंवारतेला तांब्यात क्षेत्र निम्म्याहून थोडे जास्त उतरायला सुमारे ९ मिलिमीटर जाडी लागते. त्यापेक्षा उपकरण ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर सरकवणे स्वस्त आणि अधिक गुणकारी. मूस यांनी तेच केले, फक्त मोठ्या अंतरावर.

आता सर्जकडे. लाईट गेली आणि परत आली, लिफ्टची मोटर बंद झाली, जवळ वीज पडली, की लाइनवर क्षणभर विजेचा प्रचंड दाब (व्होल्टेज) येतो, तोच सर्ज. हा क्षण म्हणजे काही दशक मायक्रोसेकंद. सर्व्हो स्टॅबिलायझरची मोटर हलायला लागेपर्यंत सगळे होऊन गेलेले असते. स्टॅबिलायझर दिवसभराचा चढउतार सांभाळतो, सर्ज त्याच्या कक्षेत येतच नाही. त्यासाठी लागतो झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, जो सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइसमध्ये आणि चांगल्या स्पाइक गार्डमध्ये असतो. नेहमीच्या २३० व्होल्टला तो जवळपास बंद दरवाजा असतो, दाब वाढला की नॅनोसेकंदांत उघडतो. छपराची पन्हाळ पाऊस अडवत नाही, पाण्याला वाट देते. व्हॅरिस्टरही सर्ज गिळत नाही, वळवतो. आणि पन्हाळीखालचा नाला तुंबलेला असेल तर पाणी घरातच येणार.

तो नाला म्हणजे अर्थिंगची वायर. मल्टिमीटरवर तिचा रोध शून्याजवळ दिसतो म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण सर्जच्या वेगाने करंट वाढतो तेव्हा वायरची लांबी आडवी येते. सरळ वायरचे इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री. ८ मायक्रोसेकंदांत करंट ३००० अँपिअरपर्यंत चढला तर त्या एका मीटरवर सुमारे ३७५ व्होल्ट उभे राहतात, आणि ते व्हॅरिस्टरच्या स्वतःच्या व्होल्टेजमध्ये मिळून उपकरणावर जातात. म्हणून प्रोटेक्टरच्या दोन्ही जोडण्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात. वायरमनने काम सुबक दिसावे म्हणून बोर्डमध्ये वायरचे वेटोळे करून ठेवलेले अनेक ठिकाणी दिसते. ते सोडवून वायर सरळ आणि आखूड करायला हवी. शिवाय दर सर्जला व्हॅरिस्टर थोडा झिजतो. त्याची खिडकी हिरवीची लाल झाली की बदलायचा, आणि ती खिडकी पाहायचे काम नावानिशी कोणाकडे तरी दिलेले असावे.

व्हॅरिस्टरच्या ताकदीबाहेरचे एक संकट आपल्याकडे नेहमीचे आहे: न्यूट्रल सुटणे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल ही परतीची तार. ती ढिली झाली किंवा तुटली की करंट शेजारच्या फेजवरच्या भारातून परतीची वाट काढतो. मग एका खोलीत दिवे मंदावतात आणि दुसऱ्या खोलीत २३० च्या जागी ४०० व्होल्टकडे झुकणारा दाब पोचतो. हा दाब मायक्रोसेकंदांचा नसतो, मिनिटामिनिटांचा असतो. व्हॅरिस्टर त्यात जळून जातो. इथे लागतो दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठाच तोडणारा रिले, आणि वर्षातून एकदा न्यूट्रलचे स्क्रू आवळणारा माणूस.

शेवटी अर्थिंगचा खड्डा. नवे उपकरण आले की पुरवठादार ‘स्वतंत्र अर्थिंग’ मागतात, कॉलेज मागच्या अंगणात मीठ-कोळसा घालून नवा खड्डा करते आणि तो इमारतीच्या अर्थिंगपासून मुद्दाम तोडून ठेवते, म्हणजे ‘क्लीन’ राहील. ही समजूत घातक आहे. इमारतीवर वीज पडली, १० हजार अँपिअर जमिनीत उतरले आणि इमारतीच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम असला, तर इमारतीचे सगळे अर्थिंग क्षणभर ५० हजार व्होल्टवर जाते. वेगळ्या खड्ड्याला जोडलेले उपकरण मात्र खालीच राहते. एकाच टेबलावर दोन जमिनी, त्यांच्यात हजारो व्होल्टचे अंतर, आणि दोघींना जोडणारी तुमची नेटवर्क केबल. खड्डे कितीही करा, ते जमिनीखाली जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. मग वर सगळे एकदमच चढते, एकदमच उतरते आणि उपकरणांमध्ये फरक उरत नाही.

खड्ड्याचा रोध मोजायचा तो मे महिन्यात, जमीन कोरडी ठाक असताना. ऑगस्टमध्ये कोकणातला कुठलाही खड्डा उत्तम आकडा देतो आणि तोच रजिस्टरमध्ये लिहिला जातो. उन्हाळ्यात तीच माती आटते, रोध वाढतो आणि वळवाचा पाऊस नेमका तेव्हाच विजा घेऊन येतो. त्याआधी खड्ड्यात पाणी घालावे, वरचा गंजलेला क्लॅम्प घासून पुन्हा आवळावा आणि मग उपकरणाच्या सॉकेटपाशी मल्टिमीटर लावून न्यूट्रल-अर्थमधले व्होल्टेज पाहावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर उपकरण सुरू करू नये. आधी वायरमनला बोलवावे.