कीबोर्ड निवडताना मनगटाकडे बघा

टाइप करताना हलतात ती बोटं, पण त्यांना हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत पोचतात. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात. मनगट वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून कीबोर्ड घेताना मी आधी एकच गोष्ट बघते: त्यावर मनगट सरळ राहतं का?

साध्या कीबोर्डवर हात ठेवून खाली बघा. खांदे रुंद, कीबोर्ड अरुंद. त्यामुळे हात आत येतात आणि पंजे करंगळीच्या बाजूला मुरडतात. दोन भागांत विभागलेल्या कीबोर्डवर प्रत्येक भाग खांद्यासमोर ठेवता येतो आणि ही मुरड जाते. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत क्लॉकेनबर्ग या संशोधकांनी 1926 मध्येच टाइपरायटरसाठी ती मांडली होती. मायक्रोसॉफ्टचा 'नॅचरल कीबोर्ड' 1994 मध्ये आला, तेव्हा ती घरोघरी पोचू लागली. काही कीबोर्ड मधोमध उंच, तंबूसारखे असतात. तळवा पूर्ण पालथा करताना कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर येतात. या उतारामुळे तो पीळ कमी होतो.

आता कीबोर्डच्या मागच्या बाजूचे छोटे पाय. ते उघडले की मागची कड उचलली जाते आणि पंजे वरच्या दिशेला वाकतात. ते आजच मिटवून टाका. नवा कीबोर्ड घेण्याआधी एवढं तरी कराच!

माउससाठी हात फार लांब जात असेल, तर आकड्यांचा वेगळा भाग नसलेला कीबोर्ड बरा. मेकॅनिकल प्रकारात, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेल्या कीबोर्डमध्ये, बरीच बटणं 4 मिलिमीटर खाली जातात, पण अक्षर साधारण 2 मिलिमीटरवरच उमटतं. तळाला आपटायची गरज नाही.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल, तर कीबोर्ड बदलून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

विभागलेल्या कीबोर्डवर पहिले काही दिवस वेग मंदावतो. 'बी' हे अक्षर बहुतेकदा डाव्या भागात असतं. ते उजव्या हाताने दाबायची सवय असेल, तर बोट थेट मधल्या मोकळ्या जागेत पडतं.