वर्क परमिट नाही आणि चाइल्ड सपोर्टची नोटीस आली: कॅलिफोर्नियात काय करायचं

"मला इथे काम करायची परवानगीच नाही, मग कोर्ट माझ्याकडे पैसे कसे मागणार?" घटस्फोटाचे कागद हातात पडले की हा प्रश्न हमखास येतो. एच-१बीवरची (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावरची) नोकरी गेलेले बाबा विचारतात, एच-४वरची (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरची) आईही विचारते. उत्तर आधीच सांगते, कारण या एका गैरसमजापायी कितीतरी जण थकबाकीत बुडालेले मी पाहिले आहेत. मुलाच्या खर्चाची, म्हणजे चाइल्ड सपोर्टची, जबाबदारी आईबाप म्हणून येते, व्हिसा बघून येत नाही. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती राहते. तेव्हाही ते पूर्णवेळ हायस्कूलमध्ये असेल, तर शाळा संपेपर्यंत किंवा १९ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर.

परवानगी नसण्याला महत्त्व आहे ते रक्कम ठरताना. न्यायाधीश खरं उत्पन्न बघतात, आणि तुम्ही मुद्दाम कमवत नाही असं वाटलं तर 'हा माणूस इतकं कमवू शकतो' असं धरूनही आकडा ठरवू शकतात. त्यासाठी कुवत आणि संधी दोन्ही लागतात. तुमची पदवी आणि जुना पगार पाहून कुवत लगेच दिसते. कायदेशीर संधी नाही, हे मात्र तुम्हीच कागदांनिशी दाखवायचं असतं. समोरचा वकील ते तुमच्या वतीने सांगणार नाही.

इथेच लोक अडकतात. "मला काम करायची परवानगी नाही" असा दाखला कुठल्या कार्यालयात मिळतो, ते शोधण्यात आठवडे घालवतात. असा तयार दाखला मिळत नाही. आय-९४ची (देशात आल्याच्या नोंदीची) प्रिंट, आय-७९७ नोटीस (इमिग्रेशन खात्याचं मंजुरीपत्र), मुदत संपलेलं ईएडी कार्ड (वर्क परमिट) असेल तर त्याच्या दोन्ही बाजू, आणि तारीख असलेलं ले-ऑफचं पत्र, एवढं एकत्र लावा. एच-४वर असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घटस्फोट झाला की एच-४ संपतो आणि त्यावरचं ईएडीही उपयोगाचं राहत नाही. आज हातात कार्ड आहे म्हणून पुढच्या वर्षीचा पगार धरून रक्कम कबूल करू नका.

मुख्य फॉर्म एफएल-१५०, म्हणजे उत्पन्न आणि खर्चाचं निवेदन. नोकरी गेली असेल तर कधी गेली ती तारीख त्यात विचारलेली असते, ती रिकामी सोडू नका. गेल्या दोन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या असतील तर जोडा. त्यांवरचा सोशल सिक्युरिटी नंबर काळा करा. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेही उत्पन्नच आहे. आईवडील दरमहा पैसे पाठवत असतील तर तेही लिहा. नियमित मदत न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. एफएल-१९१वर, म्हणजे चाइल्ड सपोर्टच्या नोंदणीच्या फॉर्मवर, सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. नसेल तर नाही म्हणून लिहा, दुसऱ्या कुणाचा नंबर चुकूनही टाकू नका.

एफएल-१५०वरची सही शपथेवरची असते. परवानगी नसताना रोखीने काही काम केलं असेल, तर ते लपवणं हा गुन्हा आहे, आणि लिहिलं तर इमिग्रेशनच्या बाजूने त्रास होऊ शकतो. म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, सही केल्यावर नाही.

आता मुदती. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) चाइल्ड सपोर्ट कार्यालयाकडून समन्स आलं, तर उत्तराचा फॉर्म एफएल-६१०. मुदत ३० दिवस, आणि ते कागद तुम्हाला बजावले त्या दिवसापासून. हिअरिंगच्या तारखेची वाट बघत बसलात, तर तुमच्या गैरहजेरीत प्रस्तावित रकमेचाच हुकूम होऊ शकतो. पती किंवा पत्नीने एफएल-३००, म्हणजे कोर्टाकडे हुकूम मागण्याचा किंवा बदलून मागण्याचा अर्ज, दाखल केला असेल, तर उत्तर एफएल-३२०वर, सुनावणीच्या निदान ९ कोर्टाचे दिवस आधी. कोर्टाचे दिवस म्हणजे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून. कॅलेंडरवर नऊ दिवस मोजणाऱ्यांचं उत्तर उशिरा पोचतं आणि मग हळहळ होते.

हुकूम आधीच झालेला असेल आणि नोकरी आता गेली असेल, तर एफएल-३०० तुम्हीच दाखल करा, आणि त्याच आठवड्यात करा. एच-१बीवाल्यांना नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. ती सगळी नवी नोकरी शोधण्यात जाते आणि हा अर्ज राहून जातो. मागच्या महिन्यांची थकबाकी कोर्टाला कमी करता येत नाही. हा १९८६पासूनचा केंद्रीय कायदा आहे, न्यायाधीशांना दया आली तरी त्यांचे हात बांधलेले असतात. समजा महिना १,२०० डॉलरचा हुकूम आहे, नोकरी जानेवारीत गेली आणि अर्ज जुलैत केला. ते सहा महिन्यांचे ७,२०० डॉलर तुमच्या डोक्यावर राहतात, वर कॅलिफोर्नियात वर्षाला १० टक्के व्याज. कोर्टाची फी परवडत नसेल तर फी माफीचा फॉर्म एफडब्ल्यू-००१ जोडा. कागद तुम्ही स्वतः बजावू शकत नाही, खटल्यात नसलेली १८ वर्षांवरची व्यक्ती लागते. काउंटीचं कार्यालय खटल्यात असेल तर त्यांनाही प्रत द्यावी लागते. हे विसरल्यामुळे सुनावणी पुढे ढकलली गेलेली मी स्वतः बघितली आहे.

पैसे भरायचे ते राज्याच्या वसुली केंद्रामार्फत भरा. पगार नसेल तर पगारातून कपातही होत नाही, म्हणून लोक रोख रक्कम थेट हातात देतात. पुढे वाद झाला की सिद्ध काही करता येत नाही.

भारतात परत गेल्याने हुकूम संपत नाही. ठरावीक देशांच्या कोर्टांचे हुकूम भारतात थेट लागू करणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिकेचा समावेश नसल्याने तिथे तो थेट अंमलात येत नाही, पण इथली थकबाकी व्याजासकट वाढत राहते. पुढे कधी नागरिकत्वाचा अर्ज केलात, तर अवलंबितांचा खर्च जाणूनबुजून न देणं चारित्र्याच्या निकषात आडवं येतं.

प्रत्येक काउंटीच्या कोर्टात फॅमिली लॉ फॅसिलिटेटर असतो. तो तुमचा वकील नसतो, पण फॉर्म भरायला विनामूल्य मदत करतो. इंग्रजी जड जात असेल तर आयएनटी-३०० भरून मराठी दुभाषी मागा, आणि सुनावणीच्या बरेच दिवस आधी मागा, कारण मराठीचे दुभाषे सहज मिळत नाहीत. मुलाला दुभाषी म्हणून नेऊ नका.